आमच्याकडे उतरू नका, असं मी का म्हणाले

ती. चिझुताईस,

धाकट्या किनुएचा नमस्कार. उमेच्या झाडांचा बहर ओसरला तरी इकडे समुद्रावरचा वारा बोचतोच आहे. ओकायामात तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. प्रत्यक्षात माझ्या घशाखाली घास उतरत नाही आणि मिओरी माझ्याशी बोलत नाही.

तुला ठाऊकच आहे, मिओरीचं कानाझावाच्या इझुमिदांच्या मुलाशी जमलंय. आता मुलाचे आईवडील पहिल्यांदाच बेटावर यायचेत. इझुमिदाबाईंनी फोनवर विचारलं, "बेटावर उतरायला कुठं बरं पडेल?" ताई, जिचा स्वतःचा मिन्शुकु आहे, पाहुण्यांना जेवणासकट ठेवून घेणं हाच जिचा धंदा, तिला हे का विचारतात? "तुमच्याकडे उतरू का" असं तोंडानं म्हणता येत नाही म्हणून. एवढं मला कळतं. आणि मी काय म्हणाले? आमचं घर म्हणजे नुसतं खुराडं, तुमच्यासारख्यांनी पाय ठेवावा असं काही नाही. यावर त्यांनी "छे छे, असं कसं" म्हणायचं, मी पुन्हा नको म्हणायचं, त्यांनी पुन्हा आग्रह धरायचा आणि मग मी लाजत हो म्हणायचं. आईनं आपल्याला हेच शिकवलं ना? पण बाई मधेच म्हणाल्या, "बरं, तुम्हाला त्रास नको." झालं, तिथंच सगळं फिसकटलं. (कानाझावाची माणसं फार रीतीची, असं तू म्हणायचीस. रीतीची कसली, अर्ध्यात सोडून पळणारी.)

मग मीच मेलीनं बेटावरच्या कलासंग्रहालयाचं हॉटेल सुचवलं. तिथं भिंती उघड्या सिमेंटच्या, खोलीत टीव्ही नाही आणि परातीएवढ्या बशीत एक शेंग वाढतात. इझुमिदासाहेबांना म्हणे बेसबॉल पाहिल्याशिवाय झोप लागत नाही. ते बारगळलं. मग ओकिताबाईकडे गेले. तिच्या नव्या अतिथिगृहात सायकलवाले परदेशी उतरतात. म्हटलं, तुमचं घर कसं झकपक, आमच्या विहीणबाईंना ठेवून घ्या. तर ती म्हणते, "अगं, आमच्याकडे कसलं आलंय? तुझ्या हातची मासळी सोडून कुणी इथं येईल का?" मी तिला चढवतेय, ती मला चढवतेय, चहाचं पार पाणी झालं. शेवटी दोघींनी मिळून तिसऱ्याचंच घर पसंत केलं. त्याचं छप्पर गळतं.

आमचे हे मात्र निवांत. परवा दार उघडं टाकून तातामीच्या चटईवर आडवे झाले होते. गावातल्या जुन्या घरांतून मांडलेलं कलाप्रदर्शन बघायला आलेल्या मंडळींना वाटलं, हेही घर त्यातलंच. बूट काढून आत आली, यांच्याभोवती पाय न वाजवता फिरली, घोरणं मन लावून ऐकलं आणि वाकून नमस्कार करून गेली. यांना पत्ता नाही. यांना विहीणबाईंचं सांगितलं, तर म्हणतात, "मग सांग ना त्यांना, आमच्याकडेच या म्हणून." पुरुषांना सगळं सोपं असतं.

काल इझुमिदांचा निरोप आला, सकाळच्या बोटीनं येतो, दुपारच्या बोटीनं परत जातो. मुलीच्या घरी एक रात्रही न राहता जाणारी सासू, ताई! मिओरी म्हणाली, "आई, त्यांना वाटतंय तुला ही सोयरीकच नकोय." एवढं बोलून जी गप्प झाली ती झालीच. लेक आता लांब जाणार. तिच्या घरच्या गादीवर ही माणसं एकदा झोपली नाहीत, इथला सकाळचा भात खाल्ला नाही, तर ती कुठून आली हे त्यांना कसं कळायचं? मला फार रडू येतं गं.

तुझी
किनुए

ता. क. खरं काम हे आहे. तू इझुमिदाबाईंना फोन कर. आपल्याच घराचं कौतुक माझ्या तोंडून निघत नाही, तुला ती अडचण नाही. म्हणावं, घर स्वच्छ आहे, न्हाणीघरातून समुद्र दिसतो आणि किनुए वाट बघतेय. फार चढवू नकोस, मधेमधे थोडी नावंही ठेव. न्हाणीघराला ठेवलीस तर बघ.

आणखी एक. पत्र टाकायला मिओरीच निघालीय, पाकिटावर पत्ताही मीच घालते म्हणाली. कालपासून आत्ता पहिल्यांदा हसली, म्हणून धाकधूक वाटतेय. हे पत्र तुला मिळालं नाही, तर ते कानाझावाला गेलं असं समज. आणि इझुमिदाबाई, आपल्याच हाती पडलं असेल, तर कंसातलं सोडून वाचा. आमचं घर चांगलं आहे. राहायलाच या.