शेवटून तिसरी ओळ

रविवार, १६ नोव्हेंबर, करोल बाग

माझं नाव पडद्यावर आलं, यार! दोनदा!

सकाळी आई म्हणाली, "कॉलेजची सहा क्रेडिट राहिलीत आणि तू भटकतेस." मी म्हटलं, "आज दुसरं क्रेडिट बघ. इमरानच्या फिल्मच्या शेवटी, माझं." कॉलेजातल्या इमरानची ही पहाडगंजवरची फिल्म, तिच्यातले सगळे आवाज मीच रेकॉर्ड केलेत ना! इंग्रजीत एका शब्दात किती कोंबलंय. मार्क, उधारी, श्रेय, शाबासकी... बँकेचा मेसेजसुद्धा. असो, फिल्म.

संध्याकाळी आई आणि मी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. फिल्म संपली, नावं सुरू झाली आणि मंडळाचे सबनीसकाका माइक घेऊन उठले. आभारप्रदर्शन! लगेच दिवे लागले, पडदा पांढराफटक. शेवटून तिसरी ओळ, माझी, उजेडात पुसली गेली. काका मात्र खुर्च्या मांडणाऱ्यांपासून समोसेवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानत होते. मला एवढं रडू का यावं? मी निघायलाच उठले.

तेवढ्यात आईचा आवाज. "अहो सबनीस, दिवे बंद करा. माझ्या मुलीचं नाव वाचायचं राहिलंय."

"वहिनी, समोसे गार होतील."

"होऊ देत."

पुन्हा अंधार, नावं पुन्हा पहिल्यापासून. अख्खा हॉल हातात समोसे धरून नुसती नावं बघत बसला. शेवटून तिसरी ओळ आली तशी आईने ती मोठ्याने वाचली, आडनावासकट.

परतताना मेट्रोत ती म्हणाली, "त्या सहांचं नंतर बघू. चहावाल्याने किटली आपटली, तो आवाज कुठे उभी राहून घेतलास?"