पुढच्या सीटवरची नारळाची पिशवी

प्रिय आत्या,

उद्या सोमवार. मामांना शेतात तुमच्या समाधीकडे घेऊन जायचं आहे, आणि गाडीत त्यांनी बसायचं कुठं, तिथंच सगळं अडलंय. असल्या गोष्टीचा निवाडा घरात तुम्हीच करायच्या. म्हणून तुमची ही सून भरदुपारी पत्र लिहायला बसली आहे.

तुमचा मुलगा नांदेडला, त्याला रजा मिळत नाही. म्हणजे गाडी मी चालवणार. मामांचा गुडघा आता मागच्या दारातून आत शिरण्याइतका वाकत नाही. त्यांना पुढंच बसवायला हवं. तर ते म्हणतात, "सुनंच्या शेजारी? मग मला यायचंच न्हाई." हेही मला नाही, भिंतीवरच्या तुमच्या फोटोला सांगितलं. समाधीचं बांधकाम झालं, पण त्यांनी ती अजून पाहिलेली नाही. रोज विचारतात, "तिथं सावली हाय का?" मी हो म्हणते. ते तुमच्या फोटोकडं बघत राहतात.

आपल्या घरात गाडीतल्या जागा कशा पक्क्या होत्या, नाही? मुलगा चालवायला बसला की शेजारी मामा. जावई आले की जावई पुढं, मामा मागं खिडकीशी. आणि तुम्ही कायम मागं, मधोमध, पाय त्या मधल्या उंचवट्यावर आखडून, मांडीवर पिशवी नाहीतर कुणाचं तरी लेकरू. एवढी वर्षं त्या जागेवर बसून तुमची कंबर कशी दुखली नाही? की दुखायची, आणि सांगितलं नाहीत?

मग मी गाडी शिकले आणि सगळी घडीच विस्कटली. मामा सुनेच्या शेजारी बसणार नाहीत. ते मागं असताना तुम्ही त्यांच्या पुढं बसणार नाही. त्यामुळं तुम्ही दोघं मागं आणि माझ्या शेजारी नारळाची पिशवी! गाडी टुंग टुंग करत राहायची म्हणून मी पिशवीला पट्टा लावायची. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो तेव्हा गाड्या लावून घेणारा माणूस आत डोकावून म्हणाला होता, "ताई, देव घरूनच बसवून आणलाय का?"

आणि मामांचं ते मागून चाललेलं असायचं.

"तिला म्हणावं, म्होरं खड्डा हाय."

"तिला दिसायलाय."

"तिला म्हणावं, जरा हळू."

"तुमीच म्हणा की. बहिरी न्हाई ती."

मी आरशात बघायची. पदराच्या आत तुमचे ओठ दाबलेले असायचे, हसू दिसू नये म्हणून.

तो देवगाव फाट्यावरचा चहा तुम्हाला आठवत असेल. गावाकडं निघालो होतो. हॉटेलवाल्यानं मागच्या काचेतून तुम्हा दोघांना चहा दिला आणि माझ्याकडं मान हलवून विचारलं, "डायव्हर बाईला बी देऊ का?" मला हसू आलं. मामाही हसले. तुम्ही हसला नाहीत. चहा संपवला, कप परत केला, खाली उतरलात. पुढचं दार उघडून पिशवीचा पट्टा कसाबसा सोडवला आणि पिशवी मागं मामांच्या मांडीवर ठेवली.

"धरा."

"अगं, हे काय चालवलंय?"

"पोरगी भाड्याची न्हाई आपली," म्हणालात आणि माझ्या शेजारी येऊन बसलात.

एवढंच बोललात. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या घरात मी कोण आहे हे मला त्या फाट्यावर कळलं.

गाडी निघाली. दोन्ही हात मांडीवर, पदर सावरलेला, नजर समोर. मला वाटलं, घाबरलात. मग हळूच म्हणालात, "बाई, रस्ता आपल्याकडंच यायलाय की गं."

"भीती वाटायली का?"

"न्हाई. लय चांगलं दिसायलंय."

आजवर तुम्ही बाजूच्या काचेतून मागं पळणारी रानं पाहिली होती, आणि पुढं बसलेल्या माणसांच्या पाठी. त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत जे होतं, ते मी देवळातसुद्धा पाहिलेलं नाही.

मग परत येताना पुन्हा मागं का बसलात? "आता बसले की एकदा," म्हणालात. आत्या, त्याचा मला अजून राग आहे. नंतर तुम्ही अंथरूण धरलंत, आणि ती जागा पुन्हा पिशवीकडं गेली.

आपल्या लिंगायतांत माणसाला शेवटीही बसवूनच नेतात. हे मी लहानपणापासून बघत आले, पण अर्थ तुम्हाला नेलं त्या दिवशी लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत फुलांनी मढवलेली खुर्ची, तीत तुम्ही ताठ बसलेल्या. हिरवं लुगडं, कपाळावर भस्म, तळहातावर इष्टलिंग, तोंड रस्त्याकडं. सगळं गाव तुमच्या मागं. मामाही मागं, काठी टेकत, तुमच्या पाठीकडं बघत. रस्ता तुमच्याकडं येत होता, आणि तुम्ही त्याला सामोऱ्या निघाल्या होतात.

इथवर लिहिलं आणि उठून मामांकडं गेले. फोटोला मध्ये न घेता थेट त्यांनाच विचारलं, "मामा, देवगाव फाट्यावर आत्या काय म्हणाल्या होत्या?"

ते बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "पिशवी माझ्या मांडीवर दिली हुती."

त्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"उद्या सीट जरा मागं सरकव बाई. पिशवी मीच धरतो."

'तिला म्हणावं' नाही, आत्या. मला म्हणाले.

आता उठते, गाडीची पुढची काच धुवायची आहे. तुम्हाला शब्द देते, माझ्या शेजारची जागा यापुढं पिशवीला मिळणार नाही. तुमच्या समाधीचं तोंड गाडीवाटेकडं आहे. उद्या सकाळी बघत राहा. धुरळा दिसला की समजा आम्ही आलो. पुढं दोघं दिसू.

तुमची पोरगी,
वैशाली