लाकडी हत्तीवरचा धोंडू

गड्डा, सोलापूर
१९ जानेवारी १९७४

सौ. वच्छलास जोतीरामचा आशीर्वाद.

मी बरा हाय. जेवण येळेवर मिळतं. आईचा गुडघा कसा हाय? म्हैस व्याली का?

औंदा मालकानं जत्रंत पोरांसाठी निराळं जंगल केलंय. लाकडाचे हत्ती, वाघ, हरणं गोल फिरत्यात. फिरवायला मी हाय. माणसांना आवडतंय का, असं मालकानं इचारलं. व्हय म्हणालो. मोठ्या पाळण्यापेक्षा हितंच गर्दी. एका पोरामागं सगळं घर येतं, आणि पोर समोरनं गेलं की आई दर फेरीला हाक मारती.

काल एका बाईनं 'धोंडू' म्हणून हाक मारली. मी खेळ मधीच थांबवला, हत्तीवरनं पोराला उतरवून कडेवर घेतलं. ते रडाया लागलं. बाई धावत आली, तिच्याकडं दिलं. मग परत फिरवत बसलो.

आपल्या धोंडूची टोपी पेटीत असंल तर राहू दे.

दगडाचं नाव ठेवलं की पोर टिकतं, म्हणून आपण ठेवलं व्हतं. त्या बाईचं टिकलंय.

जत्रा उठली की येतो.

जोतीराम