अंगणातला देवकापूस

रविवार, संक्रांतीनंतरचा

वावरातली कापसाची पऱ्हाटी उपटून नवरा घरी आला अन् त्याच झपाट्यात अंगणातलं देवकापसाचं झाडही उपटून सरपणात फेकलं. हिरवी बोंडं होती त्याच्यावर. म्हणते कसा, "वेचणी झाली का पऱ्हाटी उपटाच लागते." हे काय वावरातलं पीक हाय? लेक पाळण्यात होती तवा लावलं, तवापासून देवाच्या वाती त्याच्याच. एका शब्दानं विचारलं असतं तर? वर मलेच शिकवून राह्यला, "घरात एवढा कापूस पडला, त्याच्या वाती वळ." फवारे मारलेला कापूस, देवाले? अन् हिरवी बोंडं, तीही नाही दिसली त्याले.

संध्याकाळी तोच विचारते, "देवापाशी अंधार काहून?"

म्हटलं, "दिवा सरपणात पडला हाय. तुमीच टाकला."