दोन शॉर्टस्टॉप आणि माझं खोडरबर

मंगळवार, ८ नोव्हेंबर २००५. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

बेसबॉलच्या मैदानावर, गुण लिहायच्या वरच्या खोलीत बसून पेन्सिली तासत होतो. सहा झाल्या, सातवीचं टोक तुटलं — आणि दारात डॉन उलिसेस! क्लबचे नवे व्यवस्थापक. राजधानीतला माणूस, मायामीत शिकलेला. या खोलीचा जिना कधी कुणी व्यवस्थापक चढल्याचं मला आठवत नाही.

"तीन वर्षांच्या वह्या सगळ्या तुझ्याच हातच्या?"

"हो साहेब. घरच्या मैदानावरचा एकही सामना सुटलेला नाही."

एक वही उघडली. "अक्षर छापल्यासारखं आहे की रे! शिक्षण किती?"

आठवी म्हटलं. कान गरम झाले.

काम असं : मोकाचा संघ आपल्याला एक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, द्यायला तयार आहे. बदल्यात त्यांना आपला एक शॉर्टस्टॉप पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहतो तो. सगळ्यांत जास्त चेंडू त्याच्याकडेच येतात. आपल्याकडे दोघे आहेत, निकानोर आणि डेव्ही, आलटून पालटून खेळतात. दोघांतला कच्चा कोण ते मी वह्यांतून काढायचं. कच्चा देऊन टाकायचा.

"माणसांना विचारलं तर जो तो आपला लाडका सांगतो," डॉन उलिसेस म्हणाले. "वही लाड करत नाही."

जाताना सूचनांची चिठ्ठी ठेवून गेले. दोन शब्द अशुद्ध. मी पेन्सिलने दुरुस्त केले. मग भीती वाटली, आणि खोडून त्यांचे होते तसेच पुन्हा लिहून ठेवले.

बुधवार, ९ नोव्हेंबर

निकानोर आमच्याच गल्लीत राहतो, तिसरं घर. तेहतीस वर्षांचा. त्याच्या आईचं, तोमासिनामावशीचं, डोकं गेल्याला दोन वर्षं झाली. मला ओळखत नाही, शेजारणीला ओळखत नाही. जेवते फक्त निकानोरच्या हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की "चोर! चोर!" गेल्या वर्षी बाहेरगावच्या सामन्यानंतर बस बंद पडली तेव्हा माझ्या आईने भात नेला होता. मावशी दात आवळून बसून राहिली. निकानोर आला, तेव्हाच तोंड उघडलं.

मोका इथून चार तास. तिकडे खेळायचं म्हणजे तिकडेच राहायचं, हंगाम संपेपर्यंत.

हे मला माहीत असायला हवं होतं की नको? वहीला तर माहीत नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

औषधाच्या दुकानातून कॅल्क्युलेटर उसना आणला. आठचं बटण दोनदा दाबावं लागतं.

निकानोर : सामने ८८, आलेले चेंडू ४६२, चुका ३१. शंभरातले त्र्याण्णव नीट.
डेव्ही : सामने ७१, आलेले चेंडू २६५, चुका ९. शंभरातले जवळजवळ सत्त्याण्णव.

पुन्हा केलं. कागदावर हाताने भागून केलं. तेच!

म्हणजे कच्चा निकानोर. पण मी वरून तीन वर्षं बघतोय. डोळ्यांना हे कधीच दिसलं नाही. डोळे खोटे की आकडे?

शनिवार, १२ नोव्हेंबर

सकाळी वह्या चाळताना बोटाला लागलं. डेव्हीच्या सामन्यांच्या पानांवर कागद जागोजागी लव आल्यासारखा झालाय. खिडकीशी धरला. 'हिट'च्या खाली पुसट 'चूक'.

अर्थात! मीच खोडलंय.

चेंडू हातातून सुटला की ठरवायचं मी. फलंदाजाने मारलाच तसा असेल तर हिट, पकडणाऱ्याने घालवला असेल तर चूक. आणि सामना संपला की ज्याच्या नावावर चूक लागली तो जिना चढून वर येतो. सगळीकडे येतात. कुठल्याही मैदानावर लिहिणाऱ्याला विचारा, दिवे मालवेपर्यंत तो ऐकत बसतो, मग वही मिटतो. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. पकडणाऱ्याची चूक जाते, फलंदाजाला फुकटची हिट मिळते. नुकसान काय ते पिचरचं, आणि पिचर काही जिना चढत नाहीत.

डेव्ही तर दोन-दोन पायऱ्या एकदम. "मास्तर, दिव्याचा झोत डोळ्यांत गेला हो! आईशपथ!" आणि शपथेतली आई त्याच्या मागेच उभी : दोन्या फेला, हातात कागदात गुंडाळलेले गरम यानिकेके. मैद्याच्या पुऱ्याच त्या, तळणीतून काढलेल्या, मिठाच्या. "मास्तर, केवढे वाळलात! खा आधी. मग काय लिहायचं ते लिहा."

मी खायचो. मग खोडायचो. आधी बोटं पुसून — तेवढी काळजी घ्यायचो.

मोजले. चौदा. चौदा परत घातले तर डेव्हीच्या चुका तेवीस, शंभरातले ब्याण्णवसुद्धा नीट नाहीत. म्हणजे कच्चा डेव्ही!

निकानोर तीन वर्षांत एकदाही वर आलेला नाही.

आता हे सांगायचं कसं? प्रत्येक पानाखाली माझी सही आहे.

रविवार, १३ नोव्हेंबर

पाद्रींना विचारावं म्हणून चर्चला गेलो. रांग मोठी होती. परत आलो.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

डॉन उलिसेस जिन्याच्या खालूनच ओरडले, "काय रे, कुठवर आलं?"

"जुळवतोय साहेब!"

"आकडे जुळवायचे नसतात! मोजायचे असतात!"

खाली उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. का हसलो कोण जाणे.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आज जे बघितलं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या वाटेल की मी रचलं.

सुरुवातीला डेव्ही खेळत होता. तिसऱ्या डावात चेंडू जमिनीलगत त्याच्या उजवीकडून गेला. डेव्ही दोन पावलं गेला, थांबला, टोपी सारखी केली. चेंडू मागच्या गवतात. हिट. मी लिहिलं हिट. दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंच. कुणी काही बोललं नाही.

सातव्या डावात निकानोर आत आला. आठव्यात चेंडू अगदी तिथेच! पावलं मोजली तर वीतभर फरक नसेल. निकानोर धावला, आडवा पडला, मातीत तोंड — आणि चेंडू हातात! उठून फेकला तो थोडा उंच गेला. पहिल्या बेसवाल्याच्या हाताला लागून निसटला. चूक. मला चूकच लिहावी लागली.

लोक काय ओरडले! "म्हातारबा, घरी जा!" "आईला पेज भरव जा!" हे शेवटचं ज्याने म्हटलं तो आमच्याच गल्लीतला.

मी पेन्सिल धरून तसाच बसलो. एकाने हात लावला नाही म्हणून तो निर्दोष. दुसरा तिथवर पोचला म्हणून दोषी. तीन वर्षं मी काय लिहीत होतो?

शनिवार, १९ नोव्हेंबर

चुका मोजायच्याच नाहीत! हिट की चूक ही भानगडच नको. एवढंच मोजायचं : एका सामन्यात त्याच्या हातून किती जण बाद झाले. बाद म्हणजे बाद. ते खोडायला कुणी वर येत नाही. सामने आधी मोजले तेवढेच धरले.

निकानोर : ८८ सामन्यांत ४३१. सामन्याला ४.९.
डेव्ही : ७१ सामन्यांत २५६. सामन्याला ३.६.

सामन्यामागे एकाहून जास्त! मग शंका आली, निकानोर खेळतो तेव्हा चेंडूच त्याच्या बाजूला जास्त जात असतील तर? त्या दिवशी पिचर कोण होता ते पाहून पुन्हा वेगवेगळं मोजलं. सगळी दुपार गेली. थोडाफार फरक पडला, उत्तर बदललं नाही.

आणि यात माझ्या खोडाखोडीचा संबंधच येत नाही. कुणाला काही सांगायला नको. देवा! आईने ताट वाढलं तर दोनदा भात घेतला. ती म्हणाली, "आज पोट आलं वाटतं जागेवर."

खरं सांगायचं टाळता आलं म्हणून एवढा आनंद झाला, की खरं सापडलं म्हणून? जाऊ दे.

सोमवार, २१ नोव्हेंबर

तक्ता दिला. दोन पानं, रेघा लाल शाईने. खाली एक वाक्य : "निकानोर पेगेरो हा लीगमधल्या कुठल्याही शॉर्टस्टॉपच्या बरोबरीचा आहे, त्याच्या चुका जास्त दिसतात कारण तो जास्त चेंडूंपर्यंत पोचतो." हे वाक्य चार वेळा लिहून पाहिलं होतं.

डॉन उलिसेस उभ्याउभ्याच वाचत गेले, मग बसले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही साहेब."

"मायामीत यासाठी पोरं पगार घेतात." त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. माझ्या हाताला लाल शाई होती, त्यांच्या बाहीला लागली.

घरी येताना निकानोरच्या दारावरून मुद्दाम गेलो. तो आईची नखं कापत होता. त्याने मान हलवली, मीही हलवली.

गुरुवार, २४ नोव्हेंबर

डेव्हीला तक्त्याचं कुठूनतरी कळलं. जिन्याच्या तोंडाशी अडवलं. "मास्तर, आमच्या आईचे यानिकेके अचानक कडू लागायला लागले का?" हसत होता, पण बाजूला होत नव्हता. "छान असायचे," म्हटलं.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

निकानोर मोकाला गेला. म्हणजे कागदावर गेला. सकाळी सह्या झाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. धावत ऑफिसात गेलो. "साहेब, कच्चा द्यायचा होता ना?"

"कच्च्याला कोण विचारतो, बाळा! मोकावाले आधी म्हणत होते, कुणीही चालेल. तुझा तक्ता दाखवला आणि हट्टच धरला — निकानोरच पाहिजे! डावखुरा देतातच, वर एक फलंदाज. तुझ्या दोन पानांवर मी एक माणूस जास्त मिळवला!"

"पण साहेब, त्याची आई..."

"आई सगळ्यांना असते."

"ती दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, त्यांना वाईट वाटलं असावं. "मग हे त्या दिवशी का नाही बोललास? खाली वाक्य लिहिलंस ना एवढं मोठं?"

कच्चा लिहिलं असतं तर गेला असता. पक्का लिहिलं, गेला. मग मी लिहायला काय हवं होतं? दोघे सारखे? सारखे नव्हते! खोटं लिहायला हवं होतं का? तीन वर्षं यानिकेक्यांसाठी लिहिलं, मग एकदा याच्यासाठी का नाही?

काही कळत नाही. हे वाक्य आज तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन खोडली.

गुरुवार, १ डिसेंबर

दुपारी दोनला जिन्यावर पावलं वाजली. मला वाटलं डेव्ही. निकानोर होता. पहिल्यांदाच.

"पोशाख खाली देऊन आलो," म्हणाला. "मोकाला जात नाही. खेळणं सोडलं."

मी उठून उभा राहिलो. माफी मागायची होती, तोंडातून भलतंच आलं. "दादा, २००३ च्या डिसेंबरात तुमच्या नावावर एक चूक आहे. खडा लागून चेंडू उसळला होता. ती हिट होती. मी बदलतो. आत्ताच बदलतो!"

त्याने पान आपल्याकडे फिरवलं. त्या ओळीवर बोट ठेवलं. खोडरबर मी त्याच्याजवळ सरकवलं.

"राहू दे मास्तर. हातात आला होता तो."

आईच्या जेवणाची वेळ झाली म्हणाला, आणि गेला.

निकानोर पेगेरो. घरचे सामने ९७. बाद ४७६. चुका ३४.