मध्ये न बोलणारं कार्ड

पाथरी, रविवार

प्रिय नागेश,

'प्रिय' लिहिलंय खरं. आधी 'आदरणीय' लिहून पाहिलं, तर ग्रामपंचायतीला अर्ज केल्यासारखं वाटलं. बायोडाटावर फोन तुमच्या मामांचा आहे आणि पत्ता तुमच्या पुण्यातल्या खोलीचा, म्हणून हे पत्र. मी पाथरीची भक्ती. तुम्ही मला पाहायला आला होतात, मोठ्यांनी आपल्याला बोलायला म्हणून बाबांच्या स्टुडिओत बसवलं आणि माझे छंद विचारायचे सोडून तुम्ही टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या डिस्क मोजायला लागलात. त्याला आता दोन महिने होत आले. तुमच्याकडून ना हो, ना नाही. ते असो, आधी बातमी ऐका, कारण ती तुम्हाला कधी एकदा सांगते असं मला झालंय. त्या चारही डिस्क जिवंत आहेत.

तुम्ही गेलात आणि थोड्याच दिवसांत आमचं जुनं मशीन जळालं. बाबांनी आयुष्यभर शूट केलेली लग्नं, बारशी, सोनपेठच्या कुस्त्या, सगळं त्या डिस्कवर. चौघींवर अशा हिशोबाने वाटून ठेवलेलं की एखादी गेली तरी बाकीच्या तिघींवरून परत मिळावं. ही वाटणी मशीनमधलं सॉफ्टवेअर करायचं, ते तुम्ही लगेच ओळखलं होतं. नव्या मशीनला मात्र चार डिस्क जोडायला जागाच नाही, त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागणार. मी परभणीला गेले आणि दुकानातलं सगळ्यात भारी कार्ड उचलून आणलं. दुकानदार म्हणाला, "ताई, याला स्वतःचं डोकं हाय." मला वाटलं, बरंच की.

त्या डोक्यानेच घोळ केला. कार्डाने चारही डिस्क आपल्या ताब्यात घेतल्या, मशीनला एकही दिसू देईना, आणि वर मलाच विचारतंय की या नव्याने तयार करू का. म्हणजे पुसून टाकू का. बाबा मागून म्हणाले, "दाब की, एवढं विचारायलंय तर." माझं बोट बटणावर होतं. तेवढ्यात चहा थंड करत तुम्ही जे सांगितलं होतं ते आठवलं: वाटणी सॉफ्टवेअर करत असेल तर कार्ड अगदी साधं घ्यावं, डिस्क सांगेल ते जसंच्या तसं पोचवणारं, स्वतःचं काही न घालणारं. मी मशीन बंद केलं. भारी वस्तू परत देऊन कुणी साधी आणतं का, म्हणून बाबा माझ्यावर रुसले ते चांगलेच रुसले.

साधं कार्ड काल आलं. पार्सल देवगाव फाट्यावरच अडकलं होतं, मी स्वतः जाऊन घेऊन आले. लावलं. तीन डिस्क पटकन दिसल्या, चौथी नखरे करत होती, आणि मग तीही आली. फोल्डर उघडलं तर शेजारच्या सरजाबाईंच्या घरचं लग्न. आईने त्यांना हाक मारली. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अगं बया, मी एवढी बारीक होते व्हय?" बाबा डोळे पुसत होते. मी अक्षरशः नाचले, आणि सारखं वाटत होतं की हे बघायला तुम्ही इथे हवे होतात.

आता खरं सांगते. आपली सोयरीक जुळवणारे तात्याराव मनाने चांगले आहेत, पण निरोप नेता-आणताना पदरचं घातल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आम्हाला ते म्हणाले, मुलाला लग्नानंतर स्टुडिओ चालणार नाही. बाबा नुसतं 'बघू' म्हणाले. ते 'बघू' तुमच्यापर्यंत काय होऊन पोचलं, देव जाणे. स्टुडिओबद्दल तुम्ही खरंच तसं म्हणालात का? ज्या माणसाने टेबलाखाली वाकून माझ्या डिस्क मोजल्या तो असं म्हणेल, हे मला पटत नाही. म्हणून मध्ये कुणाला न घालता लिहिते. स्टुडिओ मी सोडणार नाही. तुम्ही मला फार आवडलात आणि मला तुमच्याशी लग्न करायचंय. ही दोन्ही वाक्यं माझी आहेत, जशीच्या तशी. उत्तर तुमच्याच तोंडून हवंय. नाही असेल तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण ऐकून घेईन. माझा नंबर पाकिटाच्या मागे आहे.

तुमचीच (हे बाबांना न विचारता लिहिलंय),
भक्ती