मागच्या चाकांचा कौल

झाशी, कार्तिक वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप आबासाहेब यांच्या चरणी धाकट्या भावाचा, नीलकंठाचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण अंगे आठही धरली आहेत.) वहिनींची कंबर आता कशी आहे? तुमचा नवा चष्मा बसला का? पुण्याचे पाणी तुम्हाला मानवते असे चि. रोहित सांगतो, पण तो सगळेच बरे सांगतो. इकडे क्षेम आहे. शारदेच्या वरच्या दाढा काढल्या, त्यामुळे ती तीन दिवस गप्प होती आणि चौथ्या दिवशी साठलेले सगळे बोलून मोकळी झाली. फोन असताना पत्र कशाला, असे विचाराल. फोनवर रोहित तुम्हाला स्पीकरवर ठेवतो आणि मध्येच "काका, ती गाडी भंगारात द्या ना" म्हणतो. मग माझा निम्मा वेळ गाडीची वकिली करण्यात जातो आणि उरलेले तुम्हाला ऐकू येत नाही.

विषय तुमच्या पिकअपचाच आहे. होळीला तुम्ही म्हणालात की समथरच्या वाटेवरच्या नाल्यात दर खेपेला रुतून बसणारी गाडी असेल, तर या वयात मी काही झाशीला येत नाही. तुम्ही सहज बोलून गेलात. मी मात्र तेव्हापासून तेवढेच धरून बसलो आहे, की गाडी नाल्यातून निघाली म्हणजे आबासाहेब येणार. तुम्हाला पुण्याला जाऊन दोन वर्षे आणि दोन महिने झाले. (मी नुसते 'जाऊन' लिहिले होते. शारदा म्हणाली, अभद्र लिहू नका, पुण्याला म्हणा.)

तर छावणीच्या फाटकासमोरच्या जयसिंग मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने मागचे डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनाचा जोर वाटून देणारा डबा, उघडले, तर तेलातून लोखंडाचे चार तुकडे निघाले. ते आपले लॉक होते. केव्हा तुटले देव जाणे, पण निदान दहा वर्षे आपण नुसत्या समजुतीवर गाडी हाकत होतो. जयसिंगने मला समजावले ते तुम्हालाही सांगतो (तुम्हाला ठाऊक असणारच, पण मला पहिल्यांदाच कळले आहे, तेव्हा सांगू द्या). साध्या डिफरेन्शियलमध्ये जे चाक मोकळे फिरते त्यालाच इंजिनाचा जोर मिळतो. म्हणजे चिखलातले चाक गरगर फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे शहाणे चाक स्वस्थ उभे. लॉक असले की दोन्ही चाकांना एकदमच फिरावे लागते. हे ऐकून मला आपले कार्यालय आठवले, पण तो विषय लांबेल.

आता नवे लॉक निवडायचे. भंगारातून जुनेच आणले तर तेही आतून तुकडेच असायची धास्ती. दुसरे आपोआप लॉक होणारे, पण ते वळणावर खडखडते. तिसरे बटणाचे, त्याला हवेचा पंप लागतो, नळी लागते आणि वेळेवर बटण दाबायची आठवण लागते. शिवाय आपल्या एक्सलच्या दात्यांशी ते जुळले पाहिजे. मी गाडीखाली शिरून दाते चार वेळा मोजले, तीन निरनिराळे आकडे आले. मला बाहेर ओढून काढल्यावर जयसिंगने एकदाच मोजले. त्यात माझा एकही आकडा नव्हता.

निर्णय होईना, तेव्हा आपल्या घरच्या रीतीप्रमाणे देवीला कौल लावला. हसू नका. आपल्या घराण्यात कौलाशिवाय कधी घोडा घेतला नाही, असे तुम्हीच सांगत आलात. देवघरातल्या महालक्ष्मीला दोन ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले, की आपोआप लॉक होणारे घ्यायचे असेल तर उजवी दे, बटणाचे असेल तर डावी. पाऊण तास काही नाही. मग शारदेने फरशी वाळावी म्हणून पंखा लावला आणि एक पाकळी पडली. पंख्याचा कौल धरायचा की नाही हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून मोठा. पडली ती माझ्या उजव्या हाताची, म्हणजे देवीच्या डाव्या. मग उजवे कोणाचे मानायचे? आजवर कौल तुम्हीच लावत होतात. जयसिंगला विचारले तर तो म्हणाला, "पंडज्जी, दोई चका संगे घूमने हैं, जामें देवी से का पूछने?" म्हणजे चाके दोन्ही एकदमच फिरायची, तर यात देवीला काय विचारायचे? तो बुंदेला माणूस, त्याला आपल्या घरच्या गोष्टी काय कळणार. तरी उजव्याचा उलगडा परतटपाली कळवावा.

आबासाहेब, खरे सांगायचे तर मला तुमची फार आठवण येते. घरात आता मराठी बोलायला शारदा, आणि वाद घालायला कोणीच नाही. (शारदा वाद घालत नाही, सरळ निकाल देते.) समथरच्या बाजारातून तीळ घेऊन परतताना आपण नाल्यात रुतायचो. ट्रॅक्टरवाला येईपर्यंत तुम्ही बॉनेटवर पंचा अंथरून दशम्या सोडायचात आणि गाडी का रुतली यावर बोलत राहायचात. चूक दर वेळी माझीच निघायची. ते ऐकायला मी आता पायी पुण्याला यायला तयार आहे, पण तुमच्या अकराव्या मजल्यावर ते तसे जमणार नाही.

वहिनींस नमस्कार, रोहितला आशीर्वाद, गाडी भंगारात जाणार नाही हेही त्याला सांगावे. लोभ आहेच, तो पत्राने कळवावा.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. पत्र शारदेने वाचले. ती म्हणते, चाळीस वर्षे त्यांच्या शेजारी ताम्हन धरून उभे होतात, उजवे देवीचे धरतात हे तुम्हाला ठाऊक नाही होय? ठाऊक आहे. विचारण्याजोगे दुसरे काही सापडले नाही.

आणखी एक. लॉक बसूनही आज सोळा दिवस झाले. आपोआप होणारेच घेतले, देवीच्या मनाविरुद्ध. गेल्या रविवारी जयसिंगला बरोबर न घेता एकटाच समथरला गेलो. येताना गाडी नाल्यात घातली. दोन्ही चाके एकदम फिरली आणि दहा मोजायच्या आत मी पलीकडे. गाडी बंद करून काठावर थोडा वेळ बसून पाहिले. ट्रॅक्टरवाला आला, थांबला, "काए पंडज्जी, आज नईं फँसे?" म्हणाला आणि निघून गेला. मग मीही आलो.

तेव्हा तुमची अट पुरी झाली आहे. पौषाच्या आधी यावे. यायचेच नसेल तर तसे सरळ लिहा, मात्र त्याला कारण देऊ नका. मला दुरुस्त करता येईल असेच काहीतरी तुम्ही सांगाल, आणि मी त्यावर आणखी एक वर्ष काढीन.